गोदामातले शब्द: बारकोड, वायफाय, हँडहेल्ड. नव्या मुलांना कसं समजावता?

गोदामकर
नमस्कार मंडळी. भिवंडीच्या एका गोदामात आवक-जावक बघतो. दर हंगामात नवी मुलं येतात, काही जव्हार-मोखाड्याकडची, काही खानदेशातली, काही उत्तर प्रदेशातली. हुशार असतात, हात चटकन बसतो. पण यंत्रं विकणारे येऊन जे प्रशिक्षण देतात त्यात शब्दांचा नुसता मारा असतो: सिम्बॉलॉजी, क्वाएट झोन, रोमिंग, वेज, बॅच मोड. मुलं माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, "साहेब, गन चालत नाही."

गन म्हणजे हातात धरायचा स्कॅनर. आता चालत नाही म्हणजे काय? लेबल वाचत नाही? वाचतंय पण आकडा स्क्रीनवर येत नाही? आकडा येतो पण सर्व्हरला पोचत नाही? की बॅटरी उतरलीय? प्रत्येक वेळी बोलवायचा माणूस वेगळा.

माझं म्हणणं, हे शब्द पाठ करून घेण्यात अर्थ नाही. शब्दामागे काय घडतं ते कळलं तर मुलगा स्वतःच सांगेल की घोडं कुठे अडलंय. भिंतीवर लावायला एक तक्ता करतोय. प्रतिशब्द नकोत, स्कॅनरला आम्ही स्कॅनरच म्हणतो. कुठली गोष्ट नीट कळल्यावर तुमचं अडलेलं काम सुटलं, ते लिहा.

रेघोट्या
छान धागा. सुरुवात उजेडापासून करा. बहुतेकांना वाटतं स्कॅनर काळ्या रेघा वाचतो. तो परतून आलेला उजेड मोजतो. पांढऱ्यावरून उजेड परततो, काळा तो गिळतो. काळी पट्टी किती रुंद आणि मधली पांढरी फट किती रुंद, दोन्हींत माहिती असते. म्हणून शाई पसरली की काळ्या पट्ट्या जाड होतात, फटी बारीक होतात आणि वाचन बोंबलतं.

दुसरं, लेसरवाल्या गनचा उजेड लाल असतो. पांढऱ्या खोक्यावर लाल रंगात छापलेला बारकोड त्या उजेडाला पांढराच दिसतो. डिझायनर मंडळी खोकं देखणं करायला म्हणून लाल रेघा काढतात आणि गोदामात माणसं हाताने आकडे मारत बसतात. काळा, गडद निळा, गडद हिरवा चालतो. उलट लाल किंवा पिवळ्या कागदावर काळ्या रेघा बिनधास्त वाचल्या जातात.

शाईवाला
रेघोट्या, +१. माझा लेबल छपाईचा धंदा आहे, त्यामुळे क्वाएट झोनबद्दल लिहितो. बारकोडच्या डाव्या-उजव्या बाजूची कोरी जागा म्हणजे क्वाएट झोन. ती शोभेची नाही. कोड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे स्कॅनरला त्या कोऱ्या जागेवरूनच कळतं. किराणा मालावरच्या १३ आकडी ईएएन कोडला डावीकडे सर्वांत बारीक रेघेच्या ११ पट आणि उजवीकडे ७ पट जागा सोडावी लागते. गिऱ्हाईक म्हणतं, "जरा चौकट टाका, उठून दिसेल." चौकट टाकली की कोड गेला.

ती सर्वांत बारीक रेघ म्हणजे एक्स डायमेन्शन. ईएएनमध्ये तिचं मूळ माप ०.३३ मिमी, आणि कोड ८० टक्क्यांपासून २०० टक्क्यांपर्यंत लहान-मोठा करता येतो. खरी गोम पुढे आहे. २०३ डीपीआयचा (एका इंचात २०३ ठिपके मारणारा) लेबल प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके मारतो, म्हणजे एक ठिपका ०.१२५ मिमीचा. रेघ दोन ठिपक्यांची किंवा तीन ठिपक्यांची होईल, अडीच ठिपक्यांची होणार नाही. तुम्ही कोडचं चित्र वर्डमध्ये घेऊन कोपऱ्यातून ओढलंत की काही रेघा दोन ठिपक्यांच्या होतात, काही तीनच्या. डोळ्याला कळत नाही, स्कॅनरला लगेच कळतं. कोड नेहमी प्रिंटरलाच काढायला सांगा, चित्र चिकटवू नका.

घाटावरचा
मंडळी, हे सगळं ठीक आहे, पण पोरांना याची गरज काय? ट्रिगर दाबायचा, बीप ऐकायचा, पुढे जायचं. तीन महिन्यांत निम्मी सोडून जातात. त्यांना ठिपके शिकवून काय मिळणार?

गोदामकर
@घाटावरचा, निम्मी सोडून जातात कारण त्यांना कोणी काही शिकवत नाही. जो मुलगा सांगू शकतो की या लॉटच्या लेबलांना उजवी कोरी जागाच नाही, त्याला मी लगेच आवक तपासायला बसवतो आणि त्याचा पगार वाढवायला भांडतो. ठिपके सगळ्यांना शिकवायचे नाहीत हे मान्य. पण "वाचत नाही" आणि "पोचत नाही" यातला फरक प्रत्येकाला यायलाच हवा.

पुस्तकवेडी
मी गोदामातली नाही, वाचनालयात काम करते, पण शेवटच्या आकड्याबद्दल राहवत नाही. १३ आकडी कोडमधला शेवटचा आकडा हा आधीच्या बारा आकड्यांचा ताळा असतो. त्याला चेक डिजिट म्हणतात. डावीकडून विषम जागांचे आकडे तसेच घ्यायचे, सम जागांच्या आकड्यांना ३ ने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि पुढच्या दशकापर्यंत जे कमी पडतं तो शेवटचा आकडा.

उदाहरण घ्या २०००००१२३४५६. विषम जागांची बेरीज ११, सम जागांची १२, तिला तीनाने गुणून ३६. एकूण ४७. पन्नासला तीन कमी, म्हणून पूर्ण कोड २०००००१२३४५६३.

एखादा आकडा हाताने टाकताना चुकला तर हा ताळा हमखास पकडतो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी पकडतो, पण दोघांत पाचाचा फरक असेल तर सुटतात. १ आणि ६, २ आणि ७, ३ आणि ८. कागदावर करून बघा, मजा येते.

नवखा_मावळा
ताई, मी आत्ता बिस्किटाच्या पुड्यावर करून बघितलं, बरोबर आलं! ८९० ने सुरू होतो म्हणजे भारतात बनलेलं ना?

रेघोट्या
नाही रे. हा गैरसमज व्हॉट्सअ‍ॅपने घराघरात पोचवलाय. ८९० म्हणजे तो क्रमांक कंपनीने जीएस१ इंडियाकडून, म्हणजे बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून, घेतला आहे, एवढंच. माल कुठे बनला ते त्यात नसतं. भारतातली कंपनी बाहेरून माल बनवून आणून त्यावर ८९० छापू शकते. देश बघायचा तर पाकिटावरचा मजकूर वाच.

आणि गंमत म्हणजे या १३ आकड्यांपैकी पहिल्याच्या रेघाच काढलेल्या नसतात. रेघा बारा आकड्यांच्याच. डाव्या सहा आकड्यांना प्रत्येकी दोन तऱ्हांनी काढता येतं, आणि कुठला आकडा कुठल्या तऱ्हेने काढलाय त्या क्रमावरून स्कॅनर पहिला आकडा ओळखतो. अमेरिकेचा आधीचा दुकानी बारकोड, यूपीसी, १२ आकडी होता, नंतर युरोपला तेरावा हवा झाला, तेव्हा तेवढ्याच रेघांत त्याला असा बसवला.

पुस्तकवेडी
पुस्तकांचं तर आणखी वेगळं. ९७८ हा कुठल्याच देशाचा नाही, तो पुस्तकांसाठी राखलेला. मराठी पुस्तकांवर बहुधा ९७८-८१ किंवा ९७८-९३ दिसेल. २००७ पासून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा क्रमांक, १३ आकडी झाला. त्याआधी १० आकडी होता आणि त्याचा ताळा अकराच्या भागाकाराने काढत, म्हणून कधी कधी शेवटी आकड्याऐवजी एक्स यायचा. जुन्या पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर सॉफ्टवेअरने घेतला नाही तर तो तेरा आकडी करून टाका. सुरुवातीला ९७८ लावायचं आणि शेवटचा आकडा नव्याने काढायचा.

कुर्डुवाडी_जंक्शन
इतिहासाचा विषय निघालाच आहे तर: बारकोडची कल्पना वुडलँड आणि सिल्व्हर या दोघांची, अमेरिकेत १९५२ साली पेटंट मिळालं. वुडलँड मायामीच्या किनाऱ्यावर बसून वाळूत मोर्सचे ठिपके-दांड्या बोटांनी खाली ओढत होता, त्यातून रेघा सुचल्या. दुकानात पहिलं वाचन व्हायला २६ जून १९७४ उजाडला, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, च्युइंग गमच्या पाकिटावर. तोवर लेसर आणि संगणक दोन्ही स्वस्त व्हावे लागले. आज दुकानात दिसतो त्या रेघांची मांडणी आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांची.

घाटावरचा
बरं, माझा प्रश्न. आमच्याकडे खोक्यावरच्या मोठ्या बारकोडभोवती जाड काळी चौकट असते. शाईवाला म्हणतात चौकट नको. मग ही का?

शाईवाला
चांगला प्रश्न. तो आयटीएफ-१४, पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा कोड. त्याच्या रेघांच्या टोकाला ओळखीची खूण फार साधी आहे. गन तिरकी धरली आणि लेसर कोडच्या मधूनच वरून बाहेर पडला, तर अर्धाच कोड वाचून तो पूर्ण आहे असं समजण्याचा धोका असतो. चौकटीची आडवी काळी पट्टी असली की तिरका लेसर तिच्यात घुसतो आणि वाचन फसतं. चुकीचं वाचण्यापेक्षा न वाचलेलं बरं. पुठ्ठ्यावर छापताना दाब सगळीकडे सारखा पडायलाही ती पट्टी मदत करते. चौकट असली तरी आतल्या दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडलेली असते, बघा.

स्कॅनरच्या सेटिंगमध्ये आयटीएफची लांबी १४ वर बांधून टाका, म्हणजे आखूड वाचन तो घेणारच नाही.

घाटावरचा
हे मात्र माहीत नव्हतं. उद्याच लांबी बांधून घेतो.

लहरी_तरंग
उशिरा आलो. गोदामांत वायफाय बसवण्याचं काम करतो. "गन चालत नाही" यातले निम्मे फोन शेवटी माझ्याकडे येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, मोजणी. साइट सर्व्हे बहुतेक वेळा रिकाम्या गोदामात होतो. सगळीकडे सिग्नल छान, मालक खूश. मग रॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि सरबतं येतात. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं, पत्र्याचे डबे त्या परतवतात. तीच गल्ली दोन महिन्यांनी मुकी होते. म्हणून मोजणी माल भरल्यावर पुन्हा करा, आणि मोबाईलवर नको. जे हँडहेल्ड (स्क्रीन असलेलं हातातलं स्कॅनर-यंत्र) वापरणार तेच हातात घेऊन, ज्या उंचीवर वापरणार त्या उंचीवर.

दुसरी, रोमिंग. छताला पाच-सात अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणाऱ्या पेट्या, असतात. मुलगा चालत जातो तेव्हा एकाला सोडून दुसऱ्याला धरायचं असतं. हे कधी करायचं ते हँडहेल्ड ठरवतं. छतावरच्या पेटीचा त्यात फारसा हात नसतो. काही यंत्रं दाराजवळच्या पेटीला इतकी चिकटून राहतात की डोक्यावर दुसरी असली तरी तिकडे बघत नाहीत. स्क्रीनवर सिग्नलची कांडी एकच, काम रडतखडत. यंत्राच्या सेटिंगमध्ये रोमिंगचा उंबरठा असतो, तो वर घ्या. सिग्नल उणे आकड्यांत मोजतात: उणे ६५ डीबीएम चांगला, उणे ८० वाईट. मुलांना एवढंच सांगा, उणे चिन्हापुढचा आकडा जितका लहान तितकं बरं.

तिसरी, लोकांचा आवडता उपाय: पेटीची ताकद वाढवा. याने बरेचदा बिघडतं. पेटीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो, पण हातातल्या छोट्या यंत्राचा आवाज पेटीपर्यंत परत पोचत नाही. कांड्या भरलेल्या दिसतात आणि डेटा जात नाही. त्यापेक्षा पेट्या वाढवा, ताकद कमी ठेवा आणि शेजारशेजारच्या पेट्यांना १, ६, ११ असे वेगळे चॅनल द्या. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे हे तीनच.

गोदामकर
लहरीदादा, ही पोस्ट छापून लावतो. पाण्याच्या बाटल्यांची गल्ली आमच्याकडे खरंच आहे आणि तिथेच रड आहे.

मालवणी_व्हॅन
आमचा माल व्हॅनने सिंधुदुर्गात फिरतो. घाटात आणि आतल्या वाड्यांत रेंजचा पत्ता नसतो. आम्ही बॅच मोड वापरतो, म्हणजे दिवसभर नोंदी यंत्रातच साठतात आणि संध्याकाळी क्रेडलवर (यंत्र ठेवायच्या जोडणीच्या खोबणीत) ठेवलं की सर्व्हरला जातात. लोक म्हणतात ही जुनी पद्धत. आमच्यासाठी हीच बरोबर आहे.

लहरी_तरंग
@मालवणी_व्हॅन, व्हॅनसाठी अगदी बरोबर. गोदामात मात्र नको. दोन मुलं एकाच कप्प्यातला शेवटचा खोका उचलायला निघतात आणि यंत्रं दोघांनाही "माल आहे" सांगतात, कारण दोघांची यादी सकाळची. तिथे ऑनलाइनच हवं.

तुमच्याकडे एक काळजी घ्या. पाठवताना मध्येच नेट तुटलं तर यंत्र तीच नोंद पुन्हा पाठवतं. प्रत्येक नोंदीला यंत्रानेच स्वतःचा वेगळा क्रमांक दिला पाहिजे, म्हणजे सर्व्हर ओळखतो की ही आधी आलेली आहे आणि दोनदा वजा करत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला हे स्पष्ट विचारा.

मालवणी_व्हॅन
विचारतो. मधे एका दुकानाचं बिल दुप्पट झालं होतं, त्याचा उलगडा आत्ता झाला!

औषधी_वनस्पती
मेडिकल दुकान आहे आमचं, साताऱ्यात. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध ब्रँडांच्या वेष्टनावर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. त्यात बॅच, उत्पादन तारीख, मुदत, परवाना क्रमांक वगैरे असतं. माझी जुनी गन ते वाचतच नाही. बिघडली का?

रेघोट्या
ताई, बिघडलेली नाही. लेसरची गन फक्त एका रेषेत बघते. क्यूआर आणि डेटामॅट्रिक्स हे आडवे-उभे दोन्हीकडे पसरलेले असतात, त्यांना कॅमेऱ्यासारखं पूर्ण चित्र घेणारा इमेजर लागतो. नवीन घेताना "टूडी इमेजर" असं विचारा.

ओळखायचं कसं: तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असले तर क्यूआर, जपानच्या डेन्सो कंपनीने १९९४ मध्ये मोटारीचे सुटे भाग मोजायला काढलेला. डावी कड आणि तळाची कड अखंड काळी असेल तर डेटामॅट्रिक्स. तो अगदी छोट्या जागेत मावतो, म्हणून औषधांवर जास्त. दोन्हींत दुरुस्तीची माहिती आतच भरलेली असते. क्यूआर सर्वांत वरच्या पातळीवर छापला तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. भाजीवाल्याचा तेलकट यूपीआय क्यूआर चालतो तो त्यामुळेच.

रॉटरडॅमकर
इकडून नमस्कार. बंदराजवळच्या शीतगृहात काम करतो, नाशिकची द्राक्षं आमच्या हातून जातात. पेटीवरचं लेबल बघताना फार बरं वाटतं. अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदप्रणालीवर बागेच्या नोंदणीपर्यंत मागे जाता येतं.

पॅलेटवरच्या लांब बारकोडमध्ये कंसातले आकडे असतात ना, (००), (०१), (१०), (१७), ते पुढे काय येतंय ते सांगतात. (०१) म्हणजे वस्तूचा क्रमांक, (१०) बॅच, (१७) मुदत, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. २७०३३१ म्हणजे ३१ मार्च २०२७. (००) म्हणजे त्या एकाच पॅलेटचा १८ आकडी क्रमांक. कंस फक्त माणसासाठी छापतात, रेघांत ते नसतात. हाताने टाकताना कंस टाकू नका, सिस्टीम घेत नाही.

आणि पॅलेटला गुंडाळलेल्या प्लास्टिकवर उजेड चकाकतो. गन सरळ समोर धरली की तोच झगझगाट परत गनमध्ये शिरतो. थोडी कलती धरा. इथे नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

नवखा_मावळा
मग आरएफआयडी, म्हणजे लहरींनी वाचायची चिप, लावून टाका ना सगळीकडे! फास्टॅग कसा गाडी न थांबवता वाचतो.

लहरी_तरंग
फास्टॅग आरएफआयडीच आहे. आत बॅटरी नसते, टोलवरच्या वाचकाच्या लहरींवरच तो जागा होतो. पण काचेवर लावलाय म्हणून सुखात आहे. तोच पत्र्यावर किंवा पाण्याच्या बाटलीवर चिकटवला तर वाचन ढासळतं. कपड्यांच्या गोदामात आरएफआयडी उत्तम. सरबताच्या गोदामात बारकोड बरा.

कीबोर्ड_कारकून
वेजबद्दल, म्हणजे गनचा आकडा कीबोर्डसारखा संगणकात पडण्याबद्दल, कोणीच लिहिलं नाही. यूएसबीची गन बहुधा स्वतःला कीबोर्ड म्हणूनच ओळख देते. संगणकाला वाटतं कोणीतरी भराभर टाइप करतंय. त्यामुळे दोन गोष्टी होतात. कर्सर जिथे असेल तिथे आकडा पडतो. आणि कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्टवर (मराठी टाइपिंगच्या मांडणीवर) असेल तर अक्षरंही मराठीत पडतात. लेबलवर केएच असलं की स्क्रीनवर खफ. आमच्या कार्यालयात पत्र टाइप करून कोणी भाषा बदलायचं विसरलं की हे हटकून व्हायचं आणि गन दुरुस्तीला जायची.

गन आकड्यानंतर एंटर किंवा टॅब पाठवते, तेही सेटिंगमध्ये असतं. ते उडालं की आकडा दिसतो पण पुढचा रकाना येत नाही. गनच्या पुस्तिकेत त्यासाठीचा बारकोड छापलेला असतो, तो वाचवला की सेटिंग परत येतं. ती पुस्तिका फेकू नका.

जुनाजाणता
आमच्याकडे अजूनही सगळे हँडहेल्डला "सिम्बॉल" म्हणतात. ती कंपनी मोटोरोलाकडे गेली, मोटोरोलाचा तो विभाग २०१४ मध्ये झेब्राने घेतला, नाव मात्र जिभेवर राहिलं. तक्त्यात तोही शब्द टाका, नाहीतर जुने लोक काय मागतायत ते नव्यांना कळायचं नाही.

गोदामकर
टाकतो. सगळ्यांचं वाचून तक्ता असा करायचा ठरवलंय. मुलाने क्रमाने बघायचं. ट्रिगर दाबल्यावर उजेड पडला का? नसेल तर बॅटरी. बीप आला का? नसेल तर लेबल बघ: रंग, कोरी जागा, सुरकुती, चकाकी. आकडा स्क्रीनवर पडला का? नसेल तर कर्सर आणि भाषा. सर्व्हरचं उत्तर आलं का? नसेल तर कुठल्या गल्लीत उभा आहेस ते आधी लिही, मग फोन कर. प्रत्येक पायरीसमोर तिचे शब्द. चौथ्या पायरीवर गल्ली क्रमांक लिहायला लावणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण लहरीदादांसारख्यांना तेवढ्यावरून पेटी सापडते.

लहरी_तरंग
गल्लीबरोबर वेळही लिहायला सांगा. पेटीच्या नोंदवहीत मिनिटाप्रमाणे शोधता येतं.

नवखा_मावळा
काका, माझ्याकडे बीप येतो, आकडाही पडतो, पण सिस्टीम म्हणते "वस्तू सापडली नाही". हे कुठल्या पायरीत?

पुस्तकवेडी
पडलेला आकडा आणि लेबलखाली छापलेला आकडा शेजारीशेजारी ठेवून बघ. सारखे असतील तर वस्तूची नोंद सिस्टीममध्ये केलेलीच नाही, ती आवकवाल्यांकडून करून घे. पडलेल्यात सुरुवातीचं शून्य गायब असेल तर रकाना संख्येचा आहे, संख्येत ते शून्य टिकत नाही, तो मजकुराचा करायला सांग.

नवखा_मावळा
शून्यच गायब आहे ताई!

गोदामकर
पाचवी पायरी वाढवली.